फिरंगी पाते, मराठी मूठ : नाशिक परिसरातील जुन्या शस्त्रांच्या ओळखीचा प्रश्न

१

नाशिक येथे पंचवटीत, गोदावरीच्या काठी, नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलेले रामेश्वराचे मंदिर आहे. या मंदिराच्या दर्शनी बाजूस टांगलेली घंटा ‘नारोशंकराची घंटा’ या नावाने सर्वश्रुत आहे. घंटा युरोपीय ओतकामाची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई पोर्तुगीजांकडून जिंकली, त्या विजयाची ही खूण होय, अशी परंपरा आहे. अर्थात् एकाच वस्तूच्या ठिकाणी तीन काळ एकत्र आले आहेत : ती ओतली गेली तो काळ, परंपरेनुसार ती हस्तगत झाली तो काळ आणि ती मंदिरात टांगली गेली तो काळ. घंटेवरील साल वाचून मंदिर १७२१ मधील ठरविणे जितके चुकीचे, तितकेच मंदिराच्या सालावरून घंटा नाशिकच्या ओतकाऱ्याची मानणेही चुकीचे.

घंटेच्या बाबतीत असा घोटाळा सहसा होत नाही. मंदिर दगडाचे आहे, घंटा धातूची आहे, आणि दोहोंचे वेगळेपण डोळ्यांना दिसते. जुन्या तलवारीच्या बाबतीत मात्र हा घोटाळा नित्य होतो. पाते आणि मूठ दोन्ही लोखंडाची. दोन्हींवर सारखाच काळसरपणा चढलेला. पिढ्यान्‌पिढ्या ती एकत्रच पाहिलेली. त्यामुळे शस्त्र हे एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच कारागिराने घडविले असावे असे पाहणारा गृहीत धरतो. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, नाशिक जिल्ह्यातील अनेक जुन्या घरांतून शस्त्रपूजन होते. त्या वेळी देव्हाऱ्यापुढे ठेवलेली सरळ पात्याची तलवार घरच्यांच्या दृष्टीने ‘शिवकालीन’ असते. एखादा जाणता पाहुणा पात्यावरील रोमन अक्षरे पाहून तिला ‘पोर्तुगीज’ म्हणतो. दोन्ही विधाने अर्ध्या शस्त्राविषयी आहेत. उरलेल्या अर्ध्याचा विचार कसा करावा आणि तो न केल्यास इतिहासाची कोणती हानी होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

‘फिरंग’ हा शब्दच या शस्त्राचा अर्धा इतिहास सांगतो. युरोपातील ‘फ्रँक’ लोकांच्या नावावरून अरबी-फारसी भाषांत ‘फरंग’ शब्द रूढ झाला आणि तेथून तो दख्खनेत आला. येथे त्याने माणसाचे नाव घेतले, देशाचे घेतले आणि शेवटी शस्त्राचेही घेतले. फिरंग म्हणजे युरोपीय पाते असलेली लांब, सरळ तलवार. तिची मूठ मात्र येथली : रुंद परज, बोटांवरून वळत आलेली संरक्षक पट्टी, आतून कापडाची किंवा कातड्याची गादी आणि टोकाला पुढे आलेला दांडा. या दांड्यावर दुसरा हात टेकवून दोन्ही हातांनी वार करता येतो. हीच मूठ खांड्यालाही असते. खांड्याचे पाते मात्र टोकाकडे रुंदावत जाते आणि त्याच्या पाठीला आधाराची पट्टी बसविलेली असते. फिरंगेचे पाते अरुंद, बहुधा ८५ ते १०० सेंटिमीटर लांब व लवचीक असते. यावरून स्पष्ट होते की केवळ मूठ पाहून खांडा व फिरंग यांत भेद करता येत नाही, आणि केवळ पाते पाहून ते शस्त्र भारतात वापरले गेले किंवा नाही हे सांगता येत नाही.

युरोपीय पाती या प्रदेशात येण्याचे मार्ग अनेक होते. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले. १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली. इंग्रज कंपनीची वखार सुरतेस १६१३ साली स्थिर झाली, आणि कंपनीच्या तेथील आरंभीच्या पत्रव्यवहारात तलवारीच्या पात्यांचा व्यापारी माल म्हणून उल्लेख येतो. हा माल पात्यांचा होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. युरोपातील मूठ दख्खनी स्वाराच्या हाताला व वार करण्याच्या पद्धतीला सोयीची नव्हती. म्हणून पाते आणावे, त्याला येथल्या कारागिराकडून मूठ बसवून घ्यावी, अशी रीत पडली.

या पात्यांना मागणी का होती, हेही पाहिले पाहिजे. दख्खनेत उत्तम पोलाद होत नव्हते असे मुळीच नाही. तेलंगणातील कोनासमुद्रम् येथील पोलाद इराणपर्यंत जात असे, आणि त्या जातीच्या पोलादाचे जौहरदार पाते धारेच्या बाबतीत श्रेष्ठ गणले जाई. परंतु कर्बाचे प्रमाण अधिक असलेले हे पोलाद कठीण तसेच ठिसूळही असते. लांब, सरळ, पातळ आणि वाकून पुन्हा सरळ होणारे पाते हवे असेल तर युरोपीय कारखान्यांचा माल अधिक भरवशाचा ठरे, आणि तो मोठ्या संख्येने एकसारखा मिळे. दांडपट्ट्याला तर अशाच पात्याची गरज होती. म्हणूनच पट्ट्यांना युरोपीय पाती बसविलेली वारंवार आढळतात. परक्या मालाच्या मोहापेक्षा कामाची निकड येथे निर्णायक होती.

नाशिक परिसराचे स्थान या व्यवहाराच्या मार्गावरच आहे. सुरतेहून दख्खनेत चढणारी एक प्रमुख वाट बागलाणातून येई, आणि साल्हेर-मुल्हेर हे किल्ले त्या वाटेवर नजर ठेवून होते. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज याच बाजूने परतले. वणी-दिंडोरीच्या परिसरात दाऊदखानाच्या मोगल फौजेशी त्यांची १७ ऑक्टोबर रोजी गाठ पडली आणि तीत मराठ्यांचा जय झाला. १६७२ च्या साल्हेरच्या युद्धात मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानावर हरविले. संभाजी महाराजांच्या काळात नाशिकजवळच्या रामशेजने मोगलांचा वेढा वर्षानुवर्षे दाद न देता सोसला. अठराव्या शतकात विंचूरकर, राजेबहाद्दर यांसारखी सरदार घराणी या भागात नांदली आणि चांदवडला होळकरांचा वाडा उभा राहिला. ज्या प्रदेशात दीडशे वर्षे फौजा वावरल्या, तेथे शस्त्रांची विपुलता असणे स्वाभाविक आहे. पण विपुलतेवरून एखाद्या विशिष्ट शस्त्राचा विशिष्ट रणाशी संबंध सिद्ध होत नाही. ‘ही तलवार साल्हेरची’ असे म्हणण्यासाठी तलवारीखेरीज आणखी काही हाती असावे लागते.

३

शस्त्राचे परीक्षण बहुधा अक्षरांपासून सुरू होते, आणि चूकही तेथूनच सुरू होते. वास्तविक परीक्षणाचा आरंभ सांध्यापासून व्हावयास हवा.

युरोपीय पद्धतीत पात्याची मुठीत शिरणारी शेपटी लांब असते. ती मुठीतून आरपार जाऊन टोकाच्या गोळ्याबाहेर ठोकून बसविलेली असते. भारतीय मुठीत ही शेपटी आखूड असते. मुठीच्या पोकळीत लाख, राळ आणि भुकटी यांचे तापविलेले मिश्रण भरतात, त्यात शेपटी खुपसतात आणि मिश्रण निवले म्हणजे पाते घट्ट बसते. फिरंगेत याला आणखी एक जोड असते. मुठीपासून निघालेल्या लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांनी खाली उतरतात व रिव्हिटांनी पात्याला जखडलेल्या असतात. युरोपातून आलेल्या लांब पात्याला येथल्या मुठीत स्थिर करण्यासाठी या पट्ट्यांचा उपयोग होई.

या रचनेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की लाखेची जोडणी उलगडणे सोपे आहे. मूठ तापविली की पाते सुटते. त्यामुळे एकाच पात्याला शंभर-दीडशे वर्षांत दोन-तीन मुठी लाभणे, किंवा जुनी मूठ नव्या पात्यावर चढणे, ही सामान्य गोष्ट होती. पाते सतराव्या शतकातील, मूठ अठराव्यातील आणि मुठीवरील सोनेरी कोफ्तकाम एकोणिसाव्यातील, असे शस्त्र बनावट नसते. ते वापरात राहिलेले शस्त्र असते. दुसरा निष्कर्ष असा की हीच सोय आजच्या विक्रेत्यालाही उपलब्ध आहे. मोडक्या तलवारीची मूठ व दुसऱ्या तलवारीचे पाते एकत्र करून ‘संपूर्ण’ फिरंग विकता येते.

या दोहोंतील भेद सांध्यावरच दिसतो. जुन्या जोडणीत पट्टीच्या कडेखालचा गंज व पात्यावरील गंज एकमेकांत मिसळलेला असतो. पट्टीखाली पात्याचा जो भाग झाकलेला असतो त्याचा रंग निराळा असतो. पात्यावर सध्याच्या रिव्हिटांशी न जुळणारी जुनी छिद्रे असल्यास आधीच्या मुठीचा तो साक्षीदार समजावा. यंत्राने पाडलेले, आतून गुळगुळीत व तंतोतंत गोल छिद्र, लाखेऐवजी आधुनिक चिकट द्रव्य, एका बाजूस झिजलेली व दुसऱ्या बाजूस कोरी पट्टी, या गोष्टी अलीकडच्या जोडणीकडे बोट दाखवितात.

सांध्यानंतर पात्याचा आडवा छेद पाहावा. युरोपीय पात्यात बहुधा एक, दोन वा तीन उथळ पन्हळी लांबीत काढलेल्या असतात. त्या किती आहेत, मुठीपासून किती अंतरावर थांबतात, त्यांच्या कडा किती नेमक्या आहेत, याची नोंद घेतल्यास पात्याचा काळ व घडणीचा प्रदेश यांविषयी बरेच अनुमान करता येते. देशी लोहाराने युरोपीय पात्याची नक्कल केली असेल तर पन्हळ किंचित वळते, तिची रुंदी बदलते आणि टोकाजवळ ती विरत जाते. पृष्ठभागावर जौहर दिसल्यास पाते युरोपीय असण्याची शक्यता फारच कमी होते. मात्र जौहरही आता आम्लाने चितारता येतो. असा चितारलेला जौहर वरवरचा असतो, एकाच आकृतीची पुनरावृत्ती करतो आणि धातूच्या आत उतरलेला नसतो.

४

यानंतर चिन्हांकडे व अक्षरांकडे वळावे. पात्यांवरील चिन्हांत ‘धावता लांडगा’ विशेष प्रसिद्ध आहे. काही छिन्नीच्या रेघांनी काढलेले व पितळ भरलेले हे चिन्ह प्रथम पासाऊ येथील कारागिरांचे होते. पुढे ते झोलिंगेनच्या कारागिरांनीही उचलले. म्हणजे युरोपातच हे चिन्ह एका गावाचे राहिले नव्हते. कोयत्याच्या आकाराच्या, दातेरी कडेच्या दोन समोरासमोरच्या कमानी हे जिनोआशी जोडले जाणारे चिन्ह ऑस्ट्रियातील स्टिरिया, कॉकेशस आणि भारत या सर्व ठिकाणी अनुकरले गेले. आंद्रेआ फेरारा हा इटलीतील बेल्लुनो येथला सोळाव्या शतकातील नामांकित कारागीर. त्याचे नाव स्कॉटलंडमधील असंख्य तलवारींवर आढळते, आणि त्यांतील बहुतेक पाती झोलिंगेनची आहेत. एका माणसाचे नाव उत्तम मालाची हमी देणारा शिक्का बनले होते. इराणी पात्यांवरील ‘असदुल्ला इस्फहानी’ या नावाची अवस्था तीच आहे. त्या नावाच्या पात्यांवरील साले इतकी दूरदूरची आहेत की ती एका कारागिराच्या आयुष्यात मावत नाहीत.

म्हणून अक्षरे वाचताना ती काय सांगतात यापेक्षा ती कशी काढली आहेत याला अधिक महत्त्व आहे. रोमन लिपी न जाणणाऱ्या देशी कारागिराने युरोपीय शिक्क्याची नक्कल केली की एखादे अक्षर उलटे पडते, दोन अक्षरे एकमेकांत मिसळतात, किंवा केवळ उभ्या-आडव्या रेघांची नक्षी उरते. अशा ‘अशुद्ध’ लेखनाकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः तोच मौल्यवान पुरावा आहे. युरोपीय पात्याची प्रतिष्ठा येथील बाजारात इतकी होती की तिची नक्कल करणे लाभदायक ठरत असे, हे त्यातून समजते.

या दृष्टीने दोन सुप्रसिद्ध उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डच्या, १८७५-७६ च्या भारत दौऱ्यात कोल्हापूरकडून त्याला भेट मिळालेली आणि शिवाजी महाराजांची म्हणून सांगितलेली तलवार इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिच्या पात्यावर ‘आय-एच-एस’ ही तीन अक्षरे तीनदा आली आहेत. ही अक्षरे येशूच्या ग्रीक नावाचा संक्षेप असून ख्रिस्ती युरोपात अनेक ठिकाणच्या पात्यांवर ती आढळतात. पाते युरोपीय आहे इतके त्यांवरून सांगता येते. ते पोर्तुगालचे, स्पेनचे की जर्मनीचे हे त्यांवरून ठरत नाही, आणि ते कोणाच्या हाती होते हे तर मुळीच ठरत नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या शिलेखान्याची परंपरा तपासावी लागते. दुसरे उदाहरण साताऱ्याच्या जलमंदिरातील तलवारीचे. तिची प्रसिद्धी ‘भवानी’ या नावाने आहे, आणि तिच्यावर शाहू राजाचे नाव कोरलेले आहे. कोरलेले नाव जतन करणाऱ्याचे असू शकते, घडविणाऱ्याचे असू शकते, प्रथम धारण करणाऱ्याचे असू शकते वा पुढच्या वारसाचेही असू शकते. यांतील कोणता पर्याय खरा, हे अक्षरे स्वतः सांगत नाहीत.

शिलेखान्याच्या मोजदादीसाठी टोचून काढलेली अक्षरे मात्र अधिक विश्वसनीय असतात, कारण ती कोणाला दाखविण्यासाठी काढलेली नसत. बिकानेरच्या शिलेखान्यातील शस्त्रांवर असे देवनागरी टिंबलेखन आढळते. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेत राजा अनूपसिंह आदोनीच्या वेढ्यात होता, आणि तेथून आणलेली दख्खनी शस्त्रे अशा नोंदींमुळे ओळखता येतात. असे शस्त्र त्या मोहिमेपूर्वी घडले असले पाहिजे, एवढा काळाचा एक काठ तरी हाती लागतो. नाशिक परिसरातील शस्त्रांवर अशा टिंबांचा शोध तिरप्या प्रकाशात घेतला पाहिजे. समोरून पडणाऱ्या प्रकाशात ती दिसत नाहीत.

५

पाते मोडले म्हणजे शस्त्राचा इतिहास संपतो असे नाही. दक्षिणेतील अनेक कट्यारींची पाती ही मोडलेल्या किंवा कापलेल्या युरोपीय तलवारींचे तुकडे आहेत. हा तुकडा कट्यारीच्या मुळाशी दोन पट्ट्यांत रिव्हिटांनी बसविलेला असतो, आणि मूळ तलवारीच्या पन्हळी कट्यारीच्या टोकापर्यंत धावत गेलेल्या दिसतात. कट्यारीसाठीच घडविलेल्या पात्यात पन्हळी टोकापूर्वी एकत्र येतात. कापलेल्या पात्यात त्या मध्येच तुटतात. या जातीच्या कट्यारींचा मोठा संग्रह तंजावरच्या मराठे राजांच्या शिलेखान्यात होता. ते राज्य १८५५ साली खालसा झाले. पुढील दशकात शिलेखान्यातील निवडक शस्त्रे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली आणि उरलेल्यांचा मोठा भाग भंगार म्हणून मोडण्यात आला.

युद्धाची गरज बदलली की लांब पाते कापून आखूड करावे, ही युक्ती दख्खनेपुरती नाही. १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्समधील युद्ध खंदकांत रुतले. त्या आघाडीवर हिंदी सैन्यही होते; मुंबई सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल येथे भयंकर हानी सोसली. अरुंद खंदकात, रात्रीच्या छाप्यात, संगीन लावलेली लांब बंदूक फिरविता येईना. फ्रेंच सैन्याजवळ त्या वेळी हाती धरून वापरण्याजोगा सुरा नव्हता. तेव्हा काटेरी तारेच्या खुंटाचे लोखंड वाकवून ‘फ्रेंच खिळा’ नावाचे टोचण्याचे हत्यार केले गेले, आणि जुन्या संगिनी कापून सुरे बनविण्यात आले.

या सुऱ्यांची ओळख पटविताना अभ्यासकांना जी अडचण येते ती फिरंगेच्या अडचणीहून वेगळी नाही. १८७४ च्या ‘ग्रा’ बंदुकीच्या संगिनीचे पाते छेदात इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे असून त्याच्या पाठीवर कारखान्याचे नाव, महिना व साल कोरलेले असते. अशा संगिनीचा सुरा केला आणि मुठीकडचा भाग राखला, तर सुऱ्यावर १८७० नंतरच्या दशकातले साल सापडते. सुरा मात्र १९१५ चा असतो. टोकाकडचा भाग वापरला तर साल नाहीसे होते, तरी ‘टी’ आकाराचा छेद उरतो आणि मूळ सांगतो. १९१६ च्या काही सुऱ्यांवर ‘१८७० चा सूड घेणारा’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द व तो आकडा ठसविलेला आहे. फ्रान्स-प्रशिया युद्धातील पराभवाची ती आठवण होती. आकडा पाहून सुरा १८७० चा मानणारा वाचक सैनिकाच्या मनातील साल वाचतो, कारखान्यातील नव्हे.

हे उदाहरण येथे देण्याचे कारण असे की फ्रेंच सुऱ्यांच्या बाबतीत कारखाने, नमुने आणि वर्षे यांचा तपशील पुष्कळ उपलब्ध आहे. केवळ शतक उलटले आहे. तेथेही पात्याचे साल व शस्त्राचे साल वेगळे काढल्याशिवाय निर्णय होत नाही. मग तीनशे वर्षांपूर्वीच्या, कोणतीही कारखान्याची वही मागे न ठेवणाऱ्या फिरंगेच्या बाबतीत हे पृथक्करण किती अगत्याचे आहे, हे सहज ध्यानी येईल.

६

नाशिक परिसरातील शस्त्रे मूळ जागेवरून हलली त्याला काही निश्चित टप्पे आहेत. १८१८ साली लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेलच्या फौजेने त्र्यंबकसह या भागातील किल्ले एकामागून एक घेतले. मालेगावच्या किल्ल्यात अरब शिबंदीने निकराचा प्रतिकार केला. तो किल्ला जून महिन्यात पडला. त्यानंतर कॅप्टन ब्रिग्जच्या देखरेखीखाली अनेक किल्ल्यांच्या वाटा व पायऱ्या उद्ध्वस्त करण्यात आल्या. १८५७ साली सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. या उठावानंतर शस्त्रे बाळगण्याविषयी सरकारची दृष्टी अधिक कठोर झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची अट सार्वत्रिक केली. ज्या तलवारी उरल्या त्या माळ्यावर, देवघरात वा भिंतीच्या कोनाड्यात गेल्या. शस्त्राची जागा बदलली, आणि त्याच्याविषयीची माहिती कागदावरून केवळ स्मरणात आली.

याच काळात संग्राहकाचा उदय झाला. एजर्टन या इंग्रज सरदाराने लंडनच्या इंडिया म्युझियममधील शस्त्रांची सचित्र सूची १८८० साली प्रसिद्ध केली. भारतीय शस्त्रांच्या वर्गीकरणाचा तो पाया ठरला. महाराष्ट्रात दिनकर गंगाधर केळकर यांनी सुमारे १९२० पासून वाड्यावाड्यांतून वस्तू गोळा केल्या, आणि पुण्याचा राजा दिनकर केळकर संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. संग्राहकाने वस्तू वाचविली यात शंका नाही. परंतु वस्तू घरातून निघते तेव्हा तिच्याबरोबर ती कोणत्या गावची, कोणाच्या घरातील, कोणत्या अन्य शस्त्रांसोबत होती ही माहिती निघाली नाही, तर संग्रहालयाच्या कपाटात एक सुंदर पण मुकी वस्तू उरते.

स्मरण व वस्तू यांतील अंतर किती महत्त्वाचे असते, हे वाघनखांच्या उदाहरणाने स्पष्ट झाले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यास आली. ती १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला मिळाली होती, आणि अफझलखानाच्या वधाशी त्यांचा संबंध त्यांच्या पेटीवरील लेखात सांगितला आहे. तो लेख १६५९ च्या घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिला गेला. हीच ती वाघनखे होत असे निश्चित सांगता येत नाही, अशी संग्रहालयाचीही भूमिका आहे. परंपरेचा अनादर न करता तिची नोंद परंपरा म्हणून करणे आणि वस्तूची नोंद वस्तू म्हणून करणे, ही रीत येथे अनुकरणीय आहे.

७

नाशिक जिल्ह्यातच या रीतीचे एक थोर फळ इतिहासाला लाभलेले आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी क्षत्रप नहपानाची होती. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. वरचा छाप पाहून ती सातवाहनांची ठरविली असती, किंवा खालचा मुखवटा पाहून ती नहपानाची म्हणून बाजूला ठेवली असती, तर एका राजाने दुसऱ्याचा पराभव करून त्याचे चलन आपलेसे केले ही गोष्ट नाण्यांतून कधीच वाचता आली नसती. दोन थर वेगळे वाचले आणि एकत्र ठेवले, म्हणून ती कळली.

फिरंग हे असेच दोन छापांचे नाणे आहे. झोलिंगेनच्या भट्टीतून निघालेले पाते गोव्याच्या वा सुरतेच्या बाजारातून दख्खनेत येते, येथल्या कारागिराच्या हातून लाखेत बसते, दोन-तीन पिढ्यांच्या स्वारांबरोबर हिंडते, कधी मोडून कट्यार होते आणि अखेर देव्हाऱ्यापुढे स्थिरावते. या प्रवासात समुद्रपार व्यापार आहे, धातुविद्या आहे, लष्करी गरज आहे आणि सामान्य शिलेदाराची निवडही आहे. तिला केवळ ‘परदेशी’ म्हटल्याने किंवा एखाद्या महापुरुषाचे नाव चिकटविल्याने हा सारा प्रवास पुसला जातो.

म्हणून प्रत्येक शस्त्राची नोंद करताना पाते, मूठ, सांधा, चिन्हे आणि घरातील परंपरा यांसाठी पाच स्वतंत्र रकाने असावेत, प्रत्येकाचा काळ स्वतंत्र लिहावा, आणि एका रकान्यातील निष्कर्ष दुसऱ्यात परीक्षणावाचून नेऊ नये. लांबी, वजन, पन्हळींची संख्या, रिव्हिटांची जागा यांची मापे घ्यावीत. दोन्ही बाजूंची व सांध्याची छायाचित्रे घ्यावीत. घरातील वृद्धांचे कथन त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि सांगणाऱ्याने ते कोणाकडून ऐकले हेही नोंदवावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण आहे व तिची खासगी निर्यात निषिद्ध आहे, हे घरमालकास समजावून सांगावे.

हे काम तातडीचे आहे, आणि त्याचे कारण चोरी किंवा विक्री एवढेच नाही. जुन्या घरांतून दसऱ्यापूर्वी तलवार चिंचेने, राखेने किंवा पॉलिश कागदाने घासून लखलखीत करण्याची चाल आहे. त्यामागची भावना आदराची असते. पण प्रत्येक घासण्याबरोबर टिंबलेखन थोडे उडते, लांडग्याच्या पाठीतील पितळ थोडे निघते, पट्टीच्या कडेचा जुना गंज नाहीसा होतो. मऊ कापड व किंचित तेल एवढ्याने पूजेचा मान राहतो आणि पुरावाही राहतो. जोगळटेंभीची नाणी कोणी उजळून ठेवली नव्हती, म्हणून त्यांवरचे दोन्ही छाप वाचता आले. नाशिकच्या देवघरांतील फिरंगांवरील दुसरा छाप अजून वाचता येण्याजोगा आहे तोवरच त्याची नोंद होणे इष्ट आहे.